मधली गाठ

सव्वीस वर्षं एकाच जागी, एकाच अंगावर भार टाकून उभं राहिलं की माणूस कलतं. ती डावीकडे कलली होती. डावा खांदा खाली, उजवा वर, आणि गुडघे असे की जिना चढताना तिच्याआधी तेच बोलायचे. केबल आणि नळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे वेटोळी म्हणत. तोंडावरच म्हणत, म्हणजे पाठीमागे वेगळं नाव शोधायचे कष्ट नकोत. काम तेच होतं तिचं. यंत्राच्या तोंडातून नळी गरम गरम बाहेर पडते, लांबलचक पन्हाळीतल्या पाण्यातून निवत येते, आणि शेवटच्या टोकाला ही उभी. नळी डाव्या हाताच्या चिमटीतून जाऊ द्यायची, उजव्या हाताने ढोल फिरवून गुंडाळायची, पन्नास मीटर झाली की कापायची, वेटोळं उतरवून सुती फितीने तीन जागी बांधायचं आणि बाजूला ठेवायचं. की लगेच पुढचं. याला कारखान्याच्या कागदांत कौशल्य म्हणत नाहीत.

तिच्या डाव्या हातमोज्याचा अंगठा आणि दोन बोटं कापलेली असत. ते नियमात बसत नव्हतं. मुकादम ओरडायचा, ती मान हलवून नवा मोजा घ्यायची आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्यालाही कात्री लावायची. बोटं झाकली की तिला डोळे बांधल्यासारखं व्हायचं.

त्याच लाइनीवर तिचा मोठा दीर तपासनीस होता. तो मात्र कारखान्यात प्रसिद्ध. का, तर त्याचा ओठ. तरुणपणी तो नळीचं टोक खालच्या ओठावरून फिरवायचा आणि सांगायचा, इथे जाड आहे, इथे पातळ, ही टाका. मोजून बघावं तर बरोबर. केसाएवढा फरक त्याला कळायचा. पाहुणे आले की त्यांना आधी नवी यंत्रं दाखवत आणि मग हा ओठ. पुढे बाहेरची जाडी मोजणारे लेझर आले, तरी ओठाचा मान गेला नाही, उलट वाढला. माणसाला यंत्राचा पराभव बघायला फार आवडतं, विशेषतः यंत्र विकत घेणाऱ्या माणसाला.

हा ओठ दोन वर्षांपूर्वी मेला होता. एका सकाळी दिराच्या तोंडाची उजवी बाजू लुळी पडली. आठवड्याभरात तोंड सरळ झालं, बोलणं सुधारलं, ओठ तेवढा परत आला नाही. हे तिला घरीच कळलं. नवरा गेल्यापासून ती दिराकडेच राहत होती, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. एकदा त्याने उकळता चहा तोंडाला लावला, ओठावर टरटरून फोड आला, आणि हा आपला साखर कमी आहे म्हणून बायकोवर डाफरतोय. जाऊबाईंनी साखर घातली. हिने फोड पाहिला.

चार दिवसांनी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तिथे तो सहसा यायचा नाही. विचारलं काय, तर तुझ्या बोटांना काही कळतं का गं. तिला कळत होतं आणि किती तरी वर्षांपासून कळत होतं. कुणी विचारलं नव्हतं इतकंच. तेव्हा कारखान्यात संशोधन विभागाने थरांच्या नळीचे प्रयोग सुरू केले होते. औषधाच्या पंपाला लावायची बारीक नळी, आत तीन थर. आतला थर बाहेरच्यापासून सुटला की वरून काही दिसत नाही, लेझरलाही दिसत नाही. पण नळी चिमटीतून धावताना तिथे तिचा ताठा गेल्यासारखा वाटतो. जेवणाऱ्या माणसाने मधेच घास थांबवावा, तसं. तिला ते दर वेळी कळायचं.

"मग असं कर," दीर म्हणाला, "वेटोळं वाईट असलं की मधली गाठ आत वळव. बाकी मी बघतो."

त्याने विनंती केली नाही. करायची गरजही नव्हती. ती विधवा झाली तेव्हा या नोकरीला त्यानेच चिकटवलं होतं, आणि त्या उपकाराची आठवण या घरात पाण्यासारखी वापरली जायची. सकाळी उठल्यापासून नळ सुरूच. तिने मधली गाठ आत वळवायला सुरुवात केली. दीर रांगेतून फिरायचा, गाठ बघायचा, ते वेटोळं उचलून डोळे मिटून टोक ओठाला लावायचा, थोडा थांबायचा, आणि म्हणायचा, काढा हे. संशोधनवाले ती नळी दाबाखाली फोडून बघत. आतला थर सुटलेलाच निघायचा. वहीत नोंद व्हायची: काकांनी काढलेलं. दोन वर्षांत अशा सहाशे-सातशे नोंदी झाल्या.

तिला राग आला नाही का? आला. पण पोटात दाबलेला राग हा सुंभासारखा असतो, जळतो आणि पीळ ठेवून जातो.

संशोधन विभागाला सगळे काचघर म्हणत, कारण त्याच्या तिन्ही भिंती काचेच्या होत्या. तिथली प्रमुख एक तिशीतली हुशार मुलगी होती. डोळे सतत पडद्यावर. वाईट अजिबात नव्हती. उलट सगळ्यांशी गोड बोलायची, बायकांना मावशी आणि पुरुषांना काका म्हणायची. तिने आवाजाच्या लहरी नळीत सोडून आतला थर ऐकणारं यंत्र उभं केलं होतं. ऐकायचं ते सगळं, पण चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं हे त्याला समजत नव्हतं. कुणीतरी शिकवायला हवं होतं. नळी फोडून शिकवायचं तर एकेकीला दीड तास. माणसाने सांगितलं तर दीड मिनिट.

एका सोमवारी तिने लाइनीवरच्या सगळ्यांना काचघरात बोलावलं आणि न अडखळता सांगून टाकलं. महिनाअखेरीला नवी लाइन सुरू होणार. तिच्यावर गुंडाळायला यंत्र, बांधायला यंत्र, तपासायला यंत्र. जुन्या लाइनीवरचं एकच माणूस राहील, यंत्राला शिकवायला. बाकीच्यांना घरी जावं लागेल. त्या एका माणसाला इथे बसायचं आहे. असं म्हणून तिने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हात केला. पाठ असलेली, गादीची, चाकांची खुर्ची.

वेटोळीने ती खुर्ची पाहिली आणि तिच्या गुडघ्यांनी ती तिच्याही आधी पाहिली. सव्वीस वर्षांत कारखान्यात ती एकदाही पाठ टेकून बसली नव्हती.

खुर्ची कुणाची, हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही. सगळ्यांच्या माना दिराकडे वळल्या. फक्त प्रमुख मुलगी शिस्तीची, म्हणाली, एकदा रीतसर परीक्षा घेऊ. चाळीस वेटोळी. त्यातली बारा मी मुद्दाम बिघडवून काढते, कोणती ते मलाच ठाऊक. काका ती बारा शोधून देतील.

रात्री जेवताना जाऊबाई खुशीत होत्या. खुर्ची मिळाली की आपल्याकडची उशी न्या म्हणाल्या. मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, बरं झालं, आता तूही घरात बसशील, माझा हात फार दुखतो भांड्यांनी. हात धुताना दीर तिच्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, "गाठी नीट घाल हं."

ती म्हणाली, "नेहमीसारख्याच घालीन, भाऊजी."

मंगळवारी सकाळी तिने चाळीस वेटोळी गुंडाळली. नळी चिमटीतून धावत होती आणि बाराही तिला कळली, एकही सुटली नाही. तिसरं, सातवं, आठवं, अकरावं. तिने ती मनात ठेवली आणि त्यांच्या गाठी बाहेर वळवल्या. आणि चांगल्या अठ्ठावीसांतली बारा निवडून त्यांच्या मधल्या गाठी आत वळवल्या.

तिचा हिशेब साधा होता. म्हातारा पडेल. पडला की लोक विचारतील, मग दोन वर्षं हे कोण सांगत होतं? मग कुणीतरी गाठींकडे बघेल, गाठींवरून हाताकडे बघेल. हात तर तिचाच.

इथे तिची चूक झाली, आणि ती चूक तिलाच शोभणारी होती. दिराला चुकवायचंच होतं तर दोन-चार बरोबर येऊ द्यायची. म्हातारा झाला, ओठ गेला, म्हणून सगळ्यांनी हळहळून सोडून दिलं असतं. पण अर्धवट काम तिला येत नव्हतं. सव्वीस वर्षांत एक वेटोळं तिने पन्नासाऐवजी एकोणपन्नास मीटरचं बांधलं नव्हतं. बारापैकी बारा चुकवायची, तर तिने बारा चुकवली.

दीर रांगेतून फिरला. डोळे मिटले, टोक ओठाला लावलं, थांबला, काढा हे म्हणाला. बारा वेळा. शेवटच्या वेटोळ्यानंतर त्याने रुमालाने ओठही पुसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेटोळी ढोलाशी उभी होती, कललेली, आणि तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं.

दुपारी प्रमुख मुलीने दिराला काचघरात बोलावलं, आणि वेटोळी उचलायला म्हणून हिलाही. पडद्यावर दोन याद्या होत्या. मुलगी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची वळवली.

"काका, बाराच्या बारा चुकली."

दिराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची नजर टेबलावरच्या वेटोळ्यांवर गेली, तिथून मधल्या गाठीवर, आणि गाठीवरून हळूच हिच्या बोटांवर. त्याला कळलं. तिलाही कळलं की त्याला कळलं. असं एकमेकांकडे त्या दोघांनी उभ्या आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

पण मुलीचं बोलणं संपलं नव्हतं. ती म्हणाली, डोळे मिटून कुणीही उचलली तरी बारांत तीन-चार बरोबर यायला हवीत. एकही न येणं हे दोनशे वेळा परीक्षा घेतली तर एखाद वेळेला होईल. आणि तुमच्या तर दोन वर्षांच्या नोंदी आहेत माझ्याकडे, जवळपास सगळ्या अचूक. सगळं चुकवायचं असेल, तर आधी सगळं माहीत असावं लागतं.

"खरं सांगा काका, मुद्दाम केलंत ना?"

माणूस बुडताना ज्या चपळाईने हात मारतो, त्या चपळाईने दिराने तोंड पाडलं.

"केलं मुद्दाम," तो म्हणाला. "तीस वर्षं दिली मी इथे. आणि माझी परीक्षा घेता?"

मुलगी खाली बघायला लागली. तिला खरंच वाईट वाटलं. चुकलं माझं, म्हणाली. तुमच्यासारख्या माणसाला असं उभं करायला नको होतं.

तेव्हा वेटोळी बोलली. तिने सगळं सांगितलं, अगदी कमी शब्दांत. ओठ मेलाय. ते गाठी बघून सांगतात. गाठी मी घालते. आज मी उलट घातल्या.

मुलीने तिला उडवून लावलं नाही, हेही सांगायला हवं. ती उठली, ड्रॉवरमधून नळीचे पाच तुकडे काढले, बोटाएवढे, थंडगार, आणि टेबलावर ओळीने मांडले. "मावशी, यातला खराब कोणता?"

वेटोळीने पहिला तुकडा चिमटीत धरला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. काहीच नाही. तिच्या बोटांना धावती नळी कळत होती, पाण्यातून आलेली, कोमट, खेचलेली. हे म्हणजे कापलेल्या माशाला कुठे पोहत होतास विचारण्यासारखं. "ही मेलेली आहे," ती म्हणाली. "धावायला पाहिजे." आणि स्वतःचंच बोलणं तिला वेडगळ वाटलं. मग तिने उगाच तिसऱ्यावर बोट ठेवलं. खराब पाचवा होता.

दिराने उसासा सोडला. असा सोडला, जणू घरची अब्रू राखायची म्हणून इतके दिवस गप्प होता. मग आवाज खाली आणून मुलीला म्हणाला, "भाऊ गेल्यापासून हिचं डोकं अधूनमधून असं होतं. आम्ही सांभाळून घेतो."

मुलीने हिच्या खांद्यावर हात ठेवला. कललेल्या, डाव्या खांद्यावर. हिने त्या हाताकडे पाहिलं आणि गप्प बसली. यापुढे जे बोलेल ते वेडीचं बोलणं ठरणार होतं.

महिनाअखेरीला लाइन बंद झाली. निघताना ती काचघरात गेली, कापलेला मोजा परत करायला. तो कुणालाच नको होता, पण नियम होता. मुलीला काही तरी बरं बोलावंसं वाटलं असावं. म्हणाली, मावशी, काकांचंही फार दिवस नाही. पाच हजार वेटोळी शिकली की यंत्राला कुणी लागणार नाही. त्यांना अजून सांगितलं नाही, उगाच खचतील. तुम्हीही बोलू नका.

"नाही बोलणार," वेटोळी म्हणाली. आणि तिने शब्द पाळला.

घरी जाऊबाईंचा हात लगेच जास्त दुखायला लागला. भांडी, धुणं, जिने, सगळं हिच्याकडे आलं. दीर उशी घेऊन कामाला जायचा. नव्या लाइनीवर दहा-दहा मीटरची छोटी वेटोळी यायची, यंत्राने बांधलेली. गाठच नाही, नुसती प्लास्टिकची पट्टी. पहिले पंधरा दिवस त्याने अंदाजपंचे दाहोदरसे चालवलं. मुलगी मधूनच एखादी नळी फोडून बघायची. मग एक दिवस तिने विचारलं, काका, बरं वाटत नाही का?

त्या संध्याकाळी तो मोठी पिशवी घेऊन आला. काचघरात गोंगाट फार, ओठाला शांतता लागते, घरी बसून करतो, असं सांगून आला होता, आणि ते त्याला मिळालंही होतं. त्याने पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उपडी केली. पन्नास वेटोळी. बोलल्या जाऊबाई. तुझं बसून काय जातं गं, म्हणाल्या. खातेस ना इथलं?

वेटोळीने हातातलं पातेलं घासून पूर्ण केलं. पुसलं. पालथं घातलं.

"मेलेली नळी आहे," ती म्हणाली. "धावायला हवी. परातीत कोमट पाणी लागेल. आणि ओढायला माणूस."

जाऊबाई पुढे झाल्या.

"तुमचा हात दुखतो," वेटोळी म्हणाली. "भाऊजी ओढतील."

बैठकीत दिराची आरामखुर्ची होती, पाठ असलेली. त्या घरात तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे. ती तिथे जाऊन बसली. पाठ टेकली. गुडघे लांब केले. पायाशी परात आली. दीर बुटक्या स्टुलावर बसला, वेटोळं सोडवून नळी पाण्यातून घालून ओढायला लागला, आणि ती तिच्या चिमटीतून धावली. "सावकाश नको," ती म्हणाली. "लाइनीच्या वेगाने." त्याने वेग धरला. दहाव्या वेटोळ्याला त्याला धाप लागली. "इथे," ती म्हणायची, की तो थांबून लाल खूण करायचा. "पुढे."

पहिल्या संध्याकाळी तिच्या मनात येऊन गेलं की पुन्हा उलटं सांगावं. पण खोट्याने याला एकदा डोक्यावर चढवून ठेवलं होतं, पुन्हा चढवेल. याला खालीच आणायचं तर खरंच सांगायला हवं. प्रत्येक खरी खूण यंत्र गिळत होतं. पाच हजार वेटोळी झाली की तो खुर्चीतून उठणार, उशी बगलेत मारून, आणि मग त्याला विचारायला कुठल्याही काचघरात कुणी येणार नाही. तिच्या बोटांतलं सगळं मात्र तिथे राहील. नाव नसलं तरी राहील.

तिने तेव्हापासून एकही खूण चुकवली नाही. सुती फितीचा एक तुकडा तिने खुंटीला अडकवून ठेवला होता, आणि शंभर वेटोळी झाली की त्यात एक गाठ मारायची. जाऊबाईंनी विचारलं, तर जुनी खोड म्हणाली.

एकतीस गाठी झाल्या तेव्हा दीर एकदा फार खुशीत घरी आला. स्टुलावर बसताना कण्हला, कमरेवर हात ठेवला, पण बोलत राहिला. यंत्र सुधारतंय म्हणे. मॅडम म्हणाल्या, काका, तुमच्यासारखी माणसं परत होणार नाहीत.

"खरं आहे," वेटोळी म्हणाली. तिने पाण्याला बोट लावून पाहिलं, बरोबर कोमट होतं. "पन्नासच का आणता रोज? उद्यापासून शंभर आणा."

"तुला गोडी लागली म्हणायची," दीर हसून म्हणाला, आणि नळी ओढायला लागला.